आधी खड्डा, मग पत्रा

बंगल्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली की आठवडाभरात तीन माणसं सल्ला द्यायला येतात. पहिला म्हणतो, बंद गॅरेजच बांधा, शटर ओढा, रात्री निवांत झोपा. दुसरा मोबाइलवर फोटो दाखवतो: निळसर पारदर्शक शीट, डौलदार कमान, खाली चकचकीत गाडी. तिसऱ्याचा कोणीतरी ओळखीचा फॅब्रिकेटर असतोच. तो चौरस फुटाचा दर सांगतो आणि वर पुस्ती जोडतो, "दोन दिवसांत उभी करून देतो. परवानगी-बिरवानगी काही लागत नाही. टेम्पररी आहे."

पुण्या-नाशिकच्या बंगल्यांच्या सोसायट्यांत, कोल्हापूर-सांगलीच्या कॉलन्यांत, कोकणातल्या गावच्या घरांपुढे गाडीचं छप्पर बहुतेकदा या तीनपैकी एका सल्ल्यावर उभं राहतं. कागदावर त्याला कारपोर्ट म्हणतात. बोलताना कोणी म्हणत नाही. "गाडीला पत्रा टाकला," असं सांगतात. घोळ इथूनच सुरू होतो. पत्रा टाकला, म्हणजे खर्च पत्र्याचा, चर्चा पत्र्याची, रंग पत्र्याचा. पत्रा ज्या चार पायांवर उभा आहे ते जमिनीत किती खोल गेले, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यातला तिसरा तर धोक्याचा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

घर आणि शेड यांचा स्वभाव उलटा असतो. घर वजनाने खाली बसायला बघतं, शेड वाऱ्याने वर उडायला बघते. घराचा पाया भार पेलण्यासाठी असतो, शेडचा पाया मुख्यतः तिला धरून ठेवण्यासाठी. हे ज्याच्या ध्यानात येत नाही तो "एवढ्याशा पत्र्याला कसला आलाय पाया" असं म्हणतो आणि सहा इंची बेस प्लेट चार बोल्टांनी अंगणातल्या कोब्यावर ठोकून मोकळा होतो.

१३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. नंतर व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा पाया कमकुवत असल्याचं निष्पन्न झालं. त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी ८७ किलोमीटर होता, होर्डिंग जेमतेम ४९ किलोमीटरचा वारा सोसू शकत होतं, आणि मुंबईत अशी रचना ताशी १५८ किलोमीटरचा वारा धरून करायला हवी. कुठे ते अवाढव्य होर्डिंग आणि कुठे आपली दहा बाय अठराची शेड, असं कोणी म्हणेल. आकारात तुलना नाहीच. जात मात्र एक आहे: मोठा, हलका, सपाट पृष्ठभाग, खाली मोजके पाय, आणि पायांखाली काय आहे ते फक्त ठेकेदाराला ठाऊक.

१५८ हा आकडा हवेतून आलेला नाही. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. मुंबई आणि नागपूरला तो सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पुणे, नाशिक, पणजी इथे ३९ मीटर, म्हणजे ताशी १४०. पुण्यात कुठे एवढा वारा सुटतो, असं वाटणं साहजिक आहे. रोज सुटतच नाही. पन्नास वर्षांत एखाद्या वेळी सुटेल असा तो धरलेला असतो. पण वळवाच्या पावसाआधीची ती पाच मिनिटं ज्यांनी पाहिली आहेत, दारं आपटतात, वाळत घातलेले कपडे तिसऱ्या बंगल्यात सापडतात, त्यांना हा आकडा अगदीच परका वाटू नये.

आता थोडा हिशेब. तो कंटाळवाणा आहे, पण फॅब्रिकेटर तो करत नाही, म्हणून घरमालकाने एकदा करावा. वाऱ्याचा दाब काढायला सेकंदाच्या मीटरमधल्या वेगाचा वर्ग घ्यायचा आणि ०.६ ने गुणायचं. उत्तर येतं चौरस मीटरला इतके न्यूटन. ताशी ११० किलोमीटरचा वारा घेऊ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा याच सुमाराचा वारा होता. दाब येतो चौरस मीटरला ५६० न्यूटन, म्हणजे साधारण ५७ किलो. दहा बाय अठरा फुटांचं छप्पर म्हणजे १६.७ चौरस मीटर. गुणाकार करा: सुमारे ९५० किलो. छपराचा उतार, उंची, आजूबाजूचा आडोसा यांनुसार हा आकडा कमी-जास्त होतो. बंगल्याची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये शेड असेल तर वारा खाली शिरून कोंडतो आणि उचल वाढते. आणि आपल्याकडच्या निम्म्या शेड नेमक्या तिथेच असतात.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? अर्धा मिलिमीटर जाडीचा प्रोफाइल पत्रा चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास भरतो. सगळा पत्रा मिळून ७५ किलो. पाइप, पर्लिन, कॉलम धरून आणखी दोनशे. एक फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात भरलेलं काँक्रीट ६८ किलो, चार खड्ड्यांचं २७२. एकूण साडेपाचशे. म्हणजे ९५० किलोची ओढ आणि साडेपाचशेचं वजन. खड्डे दीड फूट बाय दीड फूट आणि दोन फूट खोल घेतले तर प्रत्येकात तीनशे किलोवर काँक्रीट बसतं, चार मिळून बाराशेच्या पुढे, आणि वर आजूबाजूच्या मातीची पकड. दोन्हींच्या खर्चातला फरक म्हणजे काही पोती सिमेंट, थोडी खडी-वाळू आणि मजुराचा एखादा दिवस. रंगीत पत्र्याऐवजी महागडी शीट घ्यायला लोक याच्या कितीतरी पट पैसे आनंदाने मोजतात.

कोब्यावर बोल्ट मारलेल्या शेडचं गणित करायलाच नको. तीन इंची कोबा, खाली भराव. बोल्ट घट्ट बसतो, हलवून बघितला तर हलत नाही, मालक खूश. वारा येतो तेव्हा बोल्ट कोब्यातून निसटत नाही, कोब्याचा तुकडाच घेऊन वर येतो. पेव्हर ब्लॉकवर उभी केलेली शेड तर त्याहून थोर. ब्लॉकखाली असते कच, म्हणजे ती शेड अक्षरशः वाळूवर उभी असते.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. कोकणात अंगणात मांडव पडायचा तो पाऊस सरल्यावर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर उतरवला जायचा. उन्हापुरतं छप्पर हवं, वादळात ते अंगणात नको, असा सरळ व्यवहार. खरं टेम्पररी ते. आज 'टेम्पररी' म्हणून विकली जाणारी शेड बाराही महिने उभी असते आणि उतरवायची वेळ आली तर गॅस कटर लागतो.

'टेम्पररी'चा दुसरा अर्थ परवानगी नको. याने तर अनेक घरांना पोळलंय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम 'विकास' या शब्दात येतं, आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. पत्र्याचं आहे, वेल्डिंगचं आहे, एवढ्याने ते आपोआप सुटत नाही. त्यातून गाडीची जागा बहुधा सामासिक अंतरातच असते, म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये जी जागा मोकळी सोडायची तिथेच. शेजाऱ्याशी बिनसलं, त्याने अर्ज केला, की बांधकाम काढून टाकण्याची, याच कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस दारात येते. मग फॅब्रिकेटरचा फोन लागत नाही. महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन, आपल्या प्लॉटवर कुठे, किती उंचीची, किती बाजूंनी उघडी शेड चालेल हे आधी विचारण्यात एक सकाळ जाते. ती घालवावी. उत्तर 'नाही' आलं तर जाळीचं कापड बांधावं किंवा झाड लावावं, पण पन्नास-साठ हजार रुपये अनधिकृत पत्र्यात घालू नयेत.

आता बंद गॅरेजवाले. यांचा सूर जरा वरचा असतो. शेड म्हणजे गरिबाघरचं, गॅरेज म्हणजे खरी सोय, असा. गंमत अशी की कारपोर्ट हा शब्द ज्याच्या नावाशी जोडला जातो तो फ्रँक लॉइड राइट हा काही स्वस्तातलं भागवणारा ठेकेदार नव्हता. १९३७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी त्याने हर्बर्ट जेकब्स या पत्रकारासाठी साडेपाच हजार डॉलरांत घर बांधलं, त्यात त्याची स्वतःची फीही आली. त्या घराला गॅरेज नाही, घराच्याच छपराचा पुढे काढलेला भाग गाडीवर आहे. घोड्याला तबेला लागतो, गाडी म्हणजे घोडा नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. मॅडिसनला हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, बर्फ साचतं. तिथे ज्याने गॅरेज नाकारलं, त्याचं घर २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. सांगलीच्या हवेत शटरवाचून गाडीचं बिघडेल असं मानायला मग काय आधार उरतो?

उलट, आपल्या हवेत बंद गॅरेजच गाडीचं नुकसान करतं. जुलैतली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. गाडी भिजून आली आहे, चाकांच्या कमानीत चिखल, खालच्या पत्र्याच्या सांध्यांत पाणी. तिला खिडकी नसलेल्या दहा बाय अठराच्या खोलीत ढकललं आणि शटर ओढलं. बाहेर हवेत आधीच दमटपणा, आत तो आणखी वाढतो, वारा नाही, पाणी सुकणार कसं? सकाळी शटर उघडल्यावर जो कोंदट वास येतो तो गंजाच्या आमंत्रणाचा असतो. तीच गाडी चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली उभी केली तर वाऱ्याने त्यामानाने लवकर कोरडी होते.

उन्हाचं काय? त्यासाठी भिंती लागत नाहीत, सावली पुरते. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिथल्या कडक उन्हाळ्यात गाड्या उन्हात आणि सावलीत ठेवून मोजमाप केलं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. उन्हातल्या गाडीत तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअस, डॅशबोर्ड ६९ अंश. सावलीतल्या गाडीत हवा ३८, डॅशबोर्ड ४८. डॅशबोर्डमधला हा एकवीस अंशांचा फरक नुसत्या सावलीने पाडला.

गॅरेजवाल्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. चोरीची भीती असेल, घर महिनोन्महिने बंद राहत असेल, तर शटरला पर्याय नाही. उंदरांचं कारण कोणी पुढे केलं तर हसून सोडून द्यावं. वायरी कुरतडणारा उंदीर शटरखालच्या अर्ध्या इंचाच्या फटीतून आरामात आत येतो, आणि बंद खोलीत त्याला कोणी बघणारंही नसतं.

राहिला दुसरा सल्ला, फोटोतल्या निळ्या शीटचा.

ती शीट पॉलिकार्बोनेटची असते. पॉलिकार्बोनेट वाईट नाही. हलकं आहे, काचेसारखं फुटत नाही. आणि पारदर्शक असूनही अतिनील किरण जवळजवळ पूर्णपणे अडवतं, त्यामुळे गाडीच्या रंगाला त्याचा फायदा होतोच. पण उजेड आत येतो त्याबरोबर उष्णताही येते. पारदर्शक शीटखाली एप्रिलच्या दुपारी उभं राहून बघावं. गाडी सावलीत दिसते आणि सीटला हात लावला तर चटका बसतो. ज्या सावलीसाठी एवढा खटाटोप, तीच यात मिळत नाही. दुधी किंवा गडद शीट घेतली तर थोडा आराम, पण मग साध्या फिक्या रंगाच्या पत्र्यापेक्षा तिचा वेगळा फायदा काय, हे विक्रेत्याला विचारावं.

त्यात बसवणारा घाईत असेल तर शीट कितीही चांगली असून उपयोग नाही. पॉलिकार्बोनेट तापल्यावर लोखंडाच्या पाचपटीहून जास्त पसरतं. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांच्यात शीटच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक पडला, तर तीन मीटरची शीट जवळपास एक सेंटिमीटर लांब-आखूड होते. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडावं लागतं, वर रुंद वॉशर घालावा लागतो, आणि स्क्रू कचकचून आवळायचा नसतो. प्रत्यक्षात काय होतं? कारागीर ड्रिलला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लावतो आणि शीटमधून थेट पाइपात घालतो, वॉशर दबून चपटा होईपर्यंत. दोन उन्हाळ्यांत प्रत्येक स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसतात. गळती सुरू झाली की तोच कारागीर सिलिकॉनची नळी घेऊन येतो. तो सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास मारत असेल तर कारागिराला खाली उतरवावं. तसला सिलिकॉन पॉलिकार्बोनेटला मानवत नाही, तडे वाढवतो.

आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी. शीटच्या एका बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो. त्या बाजूच्या फिल्मवर छापलेलं असतं की ही बाजू वर. शीट खाली ठेवून फिल्म आधीच सोलून टाकली की कोणती बाजू कोणती ते कोणालाच सांगता येत नाही. उलटी बसलेली शीट काही वर्षांत पिवळी आणि ठिसूळ होते, आणि मालक म्हणतो, मालच खराब होता.

सिमेंटच्या पत्र्याचं नाव अजून स्वस्त म्हणून घेतलं जातं. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते. अंगणात तो कापायला, भोकं पाडायला लावण्यात शहाणपण नाही.

कोणी म्हणेल, पत्रा नको तर सोलर पॅनेलच छप्पर म्हणून लावू, पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. कल्पना चांगली आहे, आणि जागेचा मेळही बसतो: ५४० वॉटचे सहा पॅनेल साडेपंधरा चौरस मीटरमध्ये मावतात, म्हणजे एका गाडीच्या छपराएवढ्या जागेत. पण पॅनेलांमधल्या फटी गळतात, आणि बंगल्याच्या बाजूच्या अंतरात दिवसातला निम्मा वेळ घराचीच सावली असते. गच्ची रिकामी असताना पॅनेल खाली आणण्यात हशील नाही. शिवाय सहा पॅनेलांचं वजन दीडशे किलोच्या वर जातं आणि वारा पॅनेललाही तसाच उचलतो. म्हणजे गाडी पुन्हा खड्ड्यापाशीच.

पाण्याबद्दल फार बोलायला नको, पण एवढं सांगितलं पाहिजे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या दहा बाय अठराच्या पत्र्यावरून आठशेहून जास्त लिटर पाणी तासाभरात एका काठाला येतं. तो काठ शेजाऱ्याच्या भिंतीकडे असेल तर पन्हळीवाचून भांडण ठरलेलं. उतार आपल्या बाजूला ठेवावा, पन्हळ लावावी, पाइप बागेत किंवा शोषखड्ड्यात सोडावा. कॉलमच्या बुडाशी पाणी साचू देऊ नये. पोकळ चौकोनी पाइप बाहेरून रंगवलेला असतो, पण वरचं तोंड झाकलं नसेल तर पाणी आत उतरतं आणि तो आतून सडतो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत ताजा दिसतो. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेत हे आणखी वेगाने होतं. जीआय पाइप वापरला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण वेल्डिंगच्या ठिकाणी जस्ताचा थर जळून जातो. तिथे झिंकचा प्राइमर हवा, नुसता रुपेरी रंग नको.

तेव्हा शेड करायचीच असेल तर पहिला फोन फॅब्रिकेटरला नको. एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना, जिथे कॉलम येणार तिथे एक माणूस पहार-फावडं घेऊन लावावा. त्याआधी गाडी जागेवर उभी करून चारी दारं पूर्ण उघडून बघावीत आणि खडूने खुणा कराव्यात. दार उघडलं की नेमकं कॉलमवर आदळतं, अशा शेड गावोगाव आहेत. मग खड्डा. फूटभरावर मुरूम लागला तर उत्तम. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या पट्ट्यात काळी माती लागेल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात अर्धवट टेकलेला कॉलम दरवर्षी थोडा थोडा हलतो. तिथे खाली मुरूम लागेपर्यंत जावंच लागतं, मग तो तीन फुटांवर लागो की चारवर.

तो उघडा खड्डा तसाच ठेवून फॅब्रिकेटरला बोलवावं. तो सवयीने कॅटलॉग काढेल आणि विचारेल, "साहेब, शीट कोणती टाकू?" त्याला खड्ड्याच्या काठावर उभं करावं, आणि कागदावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: काँक्रीट किती खोल, जे-बोल्ट किती लांबीचे, पाइपची जाडी किती मिलिमीटर. गेजमध्ये सांगू लागला तर थांबवून मिलिमीटरच विचारावेत, कारण सोळा गेज म्हणून दाखवलेला पाइप अठराचा निघाला तर डोळ्यांना कळत नाही, व्हर्नियरला कळतं. लिहून द्यायला तो तयार असेल, तर मग शीटचा रंग घरातल्या कोणीही निवडावा.